अर्थ विचारायचा राहिला

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहात ते पण. मी टेलर माणूस. मशीनसमोर बसायची सवय, माईकसमोर नाही. स्वल्प अडखळलो तर सांभाळून घ्या.

विमलअक्का गेल्या. आपल्या एचएसआर वस्तीत सगळे त्यांना इंग्लिश टीचर म्हणायचे. मला त्यांनी छप्पन्नाव्या वर्षी इंग्रजी वाचायला शिकवलं. बँकेचा कागद आला की मी चष्मा विसरल्याचं सोंग करायचो. अक्कांनी ते बरोब्बर ओळखलं. म्हणाल्या, "रामण्णा, ब्लाउजचं कापड एकदम शिवतोस का? आधी बेततोस, कापतोस. मग एवढ्याशा शब्दाला काय घाबरतोस?" आणि माझ्याच खडूनं रेघा मारल्या. ट्रान्स-पोर्ट. ट्रान्स म्हणजे पलीकडे, पोर्ट म्हणजे नेणं. आधी तुकडे पाडायचे, मग प्रत्येक तुकड्याचा अर्थ विचारायचा. त्याशिवाय सोडायच्याच नाहीत.

गौरी-गणपतीच्या आधी दुकानात आल्या. हातात डॉक्टरी रिपोर्ट. "हे वाच." वरच्या नावावर अंगठा ठेवला होता. मी रेघा मारल्या. अ‍ॅ-डि-नो-कार-सि-नो-मा. एका दमात वाचलं! समोरच्या फळवाल्याला हाक मारून सांगितलं, बघ म्हणून. अक्का म्हणाल्या, "अर्थ नाही विचारलास?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक थांबलंय अक्का, अर्थ उद्या."

"सरी, बरं मग," म्हणाल्या. कागदाची घडी घातली आणि गेल्या.

मंडळी, तो अंगठा मला दिसला होता. कुणाचा रिपोर्ट, एवढं विचारायला काय लागत होतं? त्या सांगायला आल्या होत्या हो. आणि मी शाबासकी मागत बसलो.

त्याच आठवड्यात अभयचा, त्यांच्या मुलाचा, पुण्याहून फोन. "मामा, आईचा आवाज थकलेला वाटतो. येऊन जाऊ का?" मी म्हणालो, "अरे, ठणठणीत आहे. तू तुझं काम बघ." माझ्या शब्दावर तो तिकडेच थांबला.

परवा स्मशानात त्यानं विचारलं, "मामा, तुम्हाला काही माहीत होतं?" मी नाही म्हणालो.

अभय, ते खोटं होतं. तुझा फोन झाला, दुसऱ्या दिवशी मी मेडिकलवाल्याला अर्थ विचारला. कॅन्सर, म्हणाला. तुला तेव्हाच फोन लावायला हवा होता. अक्कांचं गुपित कसं फोडू, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे घाबरलो. ठणठणीत म्हणालो होतो ना मी! तुला आईजवळ बसायला चार महिने मिळाले असते. ते माझ्यामुळे गेले.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका. अभय, मी तुला शेजारी उभा नको असेन, तर तसं सांग. मी मागं जातो.