पंपाचं ड्रॉइंग

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बसले होते. तेवढ्यात साठीचा एक माणूस आला आणि त्यांच्यासमोर घुटमळला.

“फोरमनसाहेब, मी ड्राफ्ट्समन. पंपाच्या कारखान्यातला.”

“आवाजावरून ओळखलं रे. बस. किती वर्षांनी भेटतोयस.”

“बावीस. साहेब, आज भेटलात तर सांगून टाकतो. नव्या पंपाचं ड्रॉइंग समोरच्या कंपनीला मी दिलं होतं.”

“तू?”

“त्यांनी मोठी जागा देतो म्हटलं होतं. तुम्ही किल्ली टेबलावर ठेवून जेवायला गेलात की कपाटातून कागद काढायचो, नक्कल करायचो, परत ठेवायचो. किल्ली तुमची, म्हणून आळ तुमच्यावर आला.”

“पण चौकशीत माझ्या बाजूने बोलणारा तू एकटाच होतास.”

“तेही त्यांनीच शिकवलं होतं. माझ्यावर संशय येऊ नये म्हणून.”

“त्या तुझ्या बोलण्यावर मी इतकी वर्षं काढली रे. वाटायचं, एकाला तरी माहीत आहे मी कसा आहे ते.”

“मी घरी येतो, साहेब. वहिनींसमोर सगळं कबूल करतो.”

“ती गेली मागच्या वर्षी.”

“त्यांचा तरी तुमच्यावर विश्वास होता ना, साहेब?”

“तिला शंभरदा सांगितलं, मी नाही केलं म्हणून. ती म्हणायची, केलं असलंत तरी असू द्या, मी कुठे तुम्हाला सोडून चाललेय.”

आतून फोरमनना हाक आली.

“मी नेतो, साहेब. हात द्या.”

“नको. भिंत धरून जाईन मी.”