मानेवर आणखी दोनदा

मी, बांग माल-सुन, वय ६३ वर्षे, धंदा स्त्रियांच्या स्नानगृहात अंग घासून देणे, राहणार बंदर रस्ता, मच्छी बाजाराच्या मागे, यॉसू शहर, आज सोमवार दि. ९ डिसेंबर रोजी सकाळी दहा वाजता बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात आले. जे विचारतील ते खरे सांगेन असे कबूल करून समक्ष जबाब देते की,

मी उन्हा स्नानगृहात एकतीस वर्षे काम करते. बाई अर्धा तास गरम पाण्याच्या हौदात बसते, अंग मऊ पडले की माझ्या पलंगावर येऊन आडवी होते. मी हातात हिरवी खरखरीत घासणी चढवते आणि टाचेपासून मानेपर्यंत मळ काढते. मग किसलेली काकडी लावते, दूध लावते, आणि शेवटी कॅमेलियाच्या बियांचे तेल. ते तेल माझ्या थोरल्या बहिणीच्या घाण्याचे असते. दिवसाला बारा-चौदा पाठी माझ्या हाताखालून जातात. चेहरे मी विसरते, पाठ विसरत नाही.

तक्रार देणारी हान उन-जू ही पंचवीस वर्षे माझी गिऱ्हाईक आहे आणि मैत्रीणही आहे. जखमी झालेली प्यो दान-बी, वय २९, ही तिची एकुलती मुलगी. दान-बीचे लग्न शनिवार दि. २१ डिसेंबर रोजी ठरले आहे. ती चार वर्षांची होती तेव्हापासून मी तिला घासते. घासणी दिसली की ती ओल्या फरशीवरून पळत सुटायची, मग केळ्याच्या दुधाची बाटली दाखवून तिला पलंगावर आणावे लागे. तिच्या डाव्या खांद्याखाली तीळ आहे. या गोष्टीचा तक्रारीशी संबंध नाही असे हवालदार म्हणाले. तरी मी ती लिहायला लावली आहे.

घासणी लावण्यापूर्वी मी प्रत्येक बाईला विचारते की गेल्या दहा दिवसांत अंगाला काय लावले, आणि दवाखान्यात जाऊन कातडी सोलून घेतली काय. हल्ली बायका रंग उजळायला आम्लाचे पाणी लावतात. त्याने वरची कातडी कागदासारखी पातळ होते. तिच्यावर घासणी फिरवली तर खालचे मांस उघडे पडते. असे काही लावले असेल तर मी बाईला परत पाठवते. जे जिभेला लावून बघवत नाही ते तोंडाला लावू नये, असे माझे मत आहे. ते मी मोठ्याने सांगते. माझी जीभ घासणीपेक्षा खरखरीत आहे असे स्नानगृहात म्हणतात, ते मला माहीत आहे.

तीन आठवड्यांपूर्वी शेवयांच्या दुकानातली बाई असेच काही लावून आली होती. तिला मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तोंड आहे का भाताचा करपलेला टोप? रात्रभर आम्लात भिजत घालतेस ते!" हौदातल्या सगळ्या बायका हसल्या. ती बाई अंग न घासता कपडे घालून निघून गेली, पुन्हा आली नाही. त्या वेळी दान-बी हौदात होती. तीही हसली होती.

शनिवार दि. ७ डिसेंबर रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दान-बी माझ्या पलंगावर पालथी झाली. तिची आई शेजारच्या हौदात बसली होती. मी नेहमीप्रमाणे विचारले, "काय लावलंस गं मानेला?"

ती म्हणाली, "काही नाही मावशी. तुम्ही लग्नासाठी दिलेलं तेल, तेवढंच."

मी म्हणाले, "शहाणी माझी बाय. नवरा मान बघून चाट पडेल."

ती म्हणाली, "चाट पडला तर उचलायला तुम्हीच या."

मला बरे वाटले. मी पायांकडून सुरुवात केली. पाय, कंबर, पाठ, सगळीकडे नेहमीसारखा मळ निघाला. सुमारे अकरा वाजता मी मानेवर आले. तिथे दान-बी ओरडली. मी घासणी टाकली. मानेपासून डाव्या जबड्यापर्यंत हाताच्या पंजाएवढी कातडी निघाली होती. मी थंड पाणी ओतले आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ ला फोन करा म्हणून ओरडले. उन-जू हौदातून तशीच उठून आली. ती मला म्हणाली, "हात झडला का नाही गं तुझा? दोन आठवड्यांवर लग्न आलंय माझ्या पोरीचं!"

पोरीला पांघरायला पंचा हवा होता म्हणून मी तिचा कपडे ठेवायचा खण उघडला. तिच्या टोपलीत मी दिलेली तेलाची बाटली होती. तिच्या झाकणावर मी स्वतः चिकटवलेली कागदी पट्टी न फाटता तशीच होती. शेजारी आम्लाच्या पाण्याची बाटली होती, ती पाऊण रिकामी. तिच्यावर हिरव्या पानाचे चित्र होते आणि 'निसर्गातून' असे लिहिले होते. पानाचे चित्र छापायला कुणाच्या बापाचे काय जाते? दोन्ही बाटल्या मी काल ठाण्यात आणून दिल्या आहेत.

रविवारी स्नानगृहाच्या मालकीण बाई माझ्या घरी आल्या. त्या माझ्याहून लहान आहेत. त्या म्हणाल्या, "ताई, पोरगी स्वतः म्हणतेय खोटं बोलले म्हणून. तुम्ही नुसतं 'मला कळलं नाही' म्हणा. कळून केलं असं कागदावर आलं तर तुमचा पलंग मला ठेवता येणार नाही." मला दुसरे काम येत नाही. मी त्यांना काकडीचे लोणचे डब्यात भरून दिले आणि दारापर्यंत पोचवले.

दान-बीने रुग्णालयात दिलेला जबाब मला आज इथे वाचून दाखवला. तिने सांगितले आहे की, "मावशींची चूक नाही. लग्नाचा पोशाख मागून उघडा आहे आणि माझी मान काळवंडली होती, म्हणून सात रात्री ते पाणी लावलं. विचारल्यावर मी खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर मावशी सगळ्यांसमोर बोलल्या असत्या." हे ऐकून मी हवालदारांकडे पाणी मागितले. उन-जूच्या शिव्या मला लागल्या नव्हत्या. हे लागले.

मानेवर काही वेगळे जाणवले काय, असे विचारले असता सांगते की, होय.

मानेवर पहिल्यांदा घासणी ओढली तेव्हा मळ निघाला नाही. भिजवलेल्या सोयाबीनचे साल बोटाखाली सरकते तशी कातडी सरकली. एकतीस वर्षांत अशी कातडी माझ्या हाताला चार-पाच वेळा लागली असेल. प्रत्येक वेळी माझा हात जागीच थांबला आहे. परवा थांबला नाही. त्यानंतर मी मानेवर आणखी दोनदा घासणी ओढली.

का, असे विचारले असता सांगते की, मला राग आला. माझ्याच तेलाचे नाव घेऊन ही पोरगी मला फसवते, हे कळायला पहिली ओढ पुरली. बाकीच्या दोन रागाच्या होत्या. जोर मी मोजला नव्हता. दान-बी दुसऱ्या ओढीला ओरडली नाही, तिने फक्त पलंगाची कड धरली. ती तिसऱ्या ओढीला ओरडली. कड धरलेली मी पाहिली होती.

तिने खोटे सांगितले हे खरे आहे. पण माझ्या तोंडाची भीती मीच तिच्या मनात घातली होती, आणि भ्यालेल्या माणसाला खोटे बोलल्याबद्दल घासणे बरोबर नाही. मी तिला लहानपणापासून ओळखते. मला तिची फार काळजी वाटते. लग्नात तिची मान झाकेल असा पोशाख मिळतो काय, याची चौकशी मी केली आहे. मिळतो. हे तिच्या आईला कुणीतरी सांगावे. माझा फोन ती घेत नाही.

अंगठा उठवताना माझा अंगठा कागदावर तीनदा उमटला नाही, कारण हाताला सकाळी तेल लावले होते. हवालदारांनी साबणाने हात धुवायला सांगितले. ठाण्यातला साबण फार कडक आहे, त्याने हवालदारांच्याही बोटांना भेगा पडल्या आहेत. बहिणीकडचे तेल पाठवीन म्हटले, तर आरोपीकडून काही घेता येत नाही असे ते म्हणाले. मला आरोपी म्हटल्याची ही पहिलीच वेळ. मी हात धुतले.

हा मजकूर मला सुरुवातीपासून सावकाश वाचून दाखवला. 'अजाणतेपणी इजा झाली' असे एका ओळीत लिहिले होते. हवालदारांनी ते माझ्या भल्यासाठी लिहिले असावे. 'अजाणतेपणी' हा शब्द मी सांगितलेला नाही. माझ्या सांगण्यावरून तो खोडला असून, खोडल्या जागी माझा अंगठा आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.