नावाची ओळ

वर्ध्याच्या दवाखान्यात, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. बहीण हिंगणीहून नुकतीच पोचली होती. आत त्यांचे वडील होते, वाचा गेलेले.

“राजस, ऐकवलं काय बाबांले?”

“हो ताई, मोबाइलवर. त्यायच्या निर्गुणी पदावरून मी बांधलेलं, पूर्ण. व्हायोलिन, बासरी अन् सारंगी.”

“मंग?”

“डोळे मिटून ऐकलं. शेवटी हात उचलले, पण जोडले नाई.”

“भजनात शेवटच्या ओळीत संताचं नाव आलं की जोडतात नं ते.”

“नाव कुठून येईन? नुसती वाद्यं आहे. तवापासून हात तसेच आहे. नर्सनं दोनदा खाली ठेवले, पुन्हा वर.”

“कानाशी नाव घ्यायचं नं मंग.”

“घेतलं. नाई म्हणून मान हलवली त्यायनं. पद झाल्याबिगर नाव कसं चालन त्यायले?”

“तर पदच म्हणायचं.”

“मले शब्द येत नाई, ताई. दोन वर्षं नुसती चाल घेऊन बसलो. तुले येते नं?”

“मले कुठून? पोरीयले भजनी मंडळात बसू देत होते काय बाबा?”

“वहीत असन?”

“गुरूनं तोंडी देलं होतं. मंडळातले तर सारे गेले.”

“मंग आता येते कोणाले?”

“बाबांले.”