डावीकडचा क्लच

– खजिन्याचा शोध! डॉक्टर, आपण जुन्या गाड्यांचं वार्षिक संमेलन भरवतोय की पोराटोरांचा वाढदिवस? खोडा ते. बसा हो, उभे काय – त्या टायरवर बसा, पुसलेला आहे, तुमच्या दवाखान्यातल्या खुर्चीपेक्षा बरा, निदान त्याच्यावर बसून अजून कोणी रडलेलं नाही. कागद माझ्याकडे देऊ नका, हात ग्रीसचे आहेत, तुम्हीच वाचा, सेक्रेटरी तुम्ही. काय काय? एका गाडीत दोघं, एकानं चालवायचं, दुसऱ्यानं चिठ्ठ्या वाचून रस्ता सांगायचा, गावभर हिंडायचं – आणि शेवटी सापडणार काय, तर चॉकलेटचा डबा! आणि माझ्या शेजारी कोण बसणार ते सांगा. बायको गेल्यापासून ती सीट रिकामीच आहे, मी तिच्यावर नट आवळायचे पाने ठेवतो. पान्यांना चिठ्ठ्या वाचता येतात का? नाही ना? पुढं वाचा. हॉर्नवर गाणं वाजवा – अरे देवा. ज्यांचे हॉर्न बिघडलेत त्यांनी काय, तोंडानं वाजवायचं? सजवलेली गाडी – म्हणजे बॉनेटला फुगे बांधणार, बॉनेट तापलं की फटाफट फुटणार. छान. पुढं. संपलं? असं कसं संपलं – स्लो रेस कुठाय? परत वाचा. वरून वाचा.

नाहीच? नाहीच म्हणजे काय? तुम्ही क्लबात आलात काल – बरं, काल नाही, परवा – आणि लागलात कात्री चालवायला! स्लो रेस म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? ज्याची गाडी सगळ्यांत शेवटी रेषेपार जाईल तो जिंकला. थांबली की बाद, बंद पडली की बाद. सगळा खेळ डाव्या पायाचा – क्लच पुरता दाबायचा नाही, पुरता सोडायचा नाही, गाडी आपली मुंगीच्या पावलानं. ही रेस क्लबात आणली कोणी? माझ्या वडिलांनी. बाबांची ड्रायव्हिंग स्कूल होती, क्लबातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलंय. शिकवायची गाडी ती – डावीकडेही क्लच, डावीकडेही ब्रेक – बाबा तिथं बसायचे, आपण चुकलो की गाडी ते सावरायचे आणि कानाखाली मात्र आपल्या बसायची. "पळवता कोणालाही येते, हळू नेऊन दाखव" – हे आम्ही दोघांनी रोज ऐकलंय. दोघांनी म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. उगाच भोळं तोंड करू नका, सगळ्या क्लबाला ठाऊक आहे.

मोठा मी. बाबा थकल्यावर स्कूल चालवली मी. भिंतीवर गाडी घालणारे, कुत्रं दिसलं की स्टिअरिंग सोडून डोळे झाकणारे – सगळे मी सोसले. आणि बाबांची ती शिकवायची गाडी कोणाला? धाकट्याला! बँकेत खुर्ची उबवणाऱ्या धाकट्याला! माझ्या डोळ्यांदेखत, जेवणाच्या टेबलावर, त्याच्या ताटाशेजारी किल्ली ठेवली. का, म्हणून विचारलं मी, सोडलं नाही. तर म्हणे, "तू गाडीशी भांडतोस." मी! मी भांडतो? – हसताय काय? तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. तोही काही आला नाही माझ्या दारात. आला असता तर मी काय खाल्लं असतं त्याला? – असो. हे तुम्हाला कशाला सांगतोय मी? दातांचे डॉक्टर तुम्ही, समोरच्याला तोंड उघडायला लावायची सवयच तुम्हाला.

तर रेस हवी. का हवी – मला त्याला हरवायचंय. गेलं वर्ष सोडलं तर बाबांच्या गाडीत ऐटीत बसून दरवर्षी तोच जिंकतो, आणि दरवर्षी त्याच्या शेजारच्या पट्ट्यात मी असतो. योगायोग कसला, मीच सांगतो झेंडेवाल्याला तसं. शत्रूवर नजर नको ठेवायला? एरवी वर्षभर तो दिसतो कुठं? बाजारात समोरून आला तर मी रस्ता बदलतो. तिथं मात्र त्याला पळता येत नाही, मलाही येत नाही, दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, इतक्या हळू – कानाजवळचे केस पिकलेत त्याचे, अगदी बाबांसारखे – हरवायचंय म्हणून सांगतोय हो. गेल्या वर्षी तर तो ओरडलासुद्धा माझ्याकडे बघून. त्याची काच खाली होती. "दादा" एवढं ओठांवरून कळलं, पुढचं काही कळेना, माझी डावीकडची काच अडकलेली, हँडल फिरेना, आणि तिकडं वाकलो असतो तर गाडी बंद पडली असती माझी. मग त्याचीच पडली. आचके दिले आणि बंद! बाबांची गाडी! मी जिंकलो, आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो, तर हे साहेब बक्षीस बघायलासुद्धा थांबले नाहीत. – हे माझ्या हातातलं? काही नाही, तेच काचेचं हँडल. नवीन बसवतोय. त्याचा रेसशी काय संबंध? काच आहे, खाली व्हायला नको? उकडतं मला.

तेव्हा निमूटपणे रेस यादीत घाला. आणि आधी कोणी काढली ते सांगा. त्या काटकुळ्या खजिनदारानं? त्याला दुसऱ्या गिअरच्या खाली गाडी चालवताच येत नाही. तो नाही? मग कोणी? बोला की. दात काढताना नाही इतका वेळ लागत तुम्हाला.

काय? – त्यानं? त्यानं स्वतः फोन केला तुम्हाला?

भित्रा लेकाचा! बघितलंत? एकदा हरला, तर लगेच रेसच नको! जिंकत होता तोवर बरी गोड लागत होती, आणि आता – काय? गुडघा? कुठला गुडघा? डावा. कधीपासून? गेल्या वर्षीही होता? मग सांगायचं ना एखाद्यानं, तोंड नव्हतं का – तुम्हाला सांगितलं? काय ओरडत होता ते सांगितलं?

"दादा, क्लच दाबवत नाही मला."

असं ओरडत होता? – आणि मी समोर रेषेकडे बघत होतो. जड आहे तो क्लच, पहिल्यापासून जड. आता काय म्हणतोय, गाडी विकणार? गिऱ्हाईकही बघितलं? कोणाला विचारून?

थांबा, उठू नका. द्या तो कागद इकडं, लागू दे ग्रीस. स्लो रेस नको. नको म्हणतोय ना! ते खजिन्याचं लिहा, खोडलं असेल तर परत लिहा. जोड्या कशा लावणार? चिठ्ठ्या टाकून? टाका, खुशाल टाका, फक्त आमच्या दोघांच्या टाकू नका. आमची जोडी निघाली म्हणून सांगायचं. गाडी बाबांची. स्टिअरिंगवर तो. मी डावीकडे बसेन, तुमच्या त्या चिठ्ठ्या वाचेन. अहो, क्लच काय क्लच – डावीकडे आहे ना दुसरा! गंजला असेल तर आदल्या दिवशी जाऊन तेल घाल– नाही, जाऊन नाही. तुम्ही गाडी इकडं आणा. तो म्हणेल तेव्हा मी दाबेन. शेजारीच असेन, ओरडावं लागणार नाही त्याला.

आणि हे मी सांगितलं असं त्याला कळता कामा नये. चिठ्ठी निघाली, बस्स. कळलं तर तुमचेच दात तुमच्या हातात देईन, बसवत बसा मग. निघा आता. बघताय काय, निघा. – अहो डॉक्टर, तो हो म्हणाला तर मला फोनबिन करू नका, मला काही पडलेलं नाही. आणि नाही म्हणाला तर –

निघा म्हटलं ना.