पानं होती तशीच

डोळ्यांत औषधाचे थेंब घेऊन, तोंडावर रुमाल टाकून सर दवाखान्यात बसले होते. एका रानझाडाची फुलं दहा वर्षांत भराभर बदलली आणि पानं मात्र होती तशीच राहिली, या शोधावर त्यांचं सगळं नाव उभं होतं. मागच्या बाकावरून त्यांच्या मोजणीवाल्या बाईंचा आवाज आला.

"जाऊबाई, फुलं मी मन लावून मोजते हो. पण पानं? उन्हात कोण मोजणार! गेल्या वर्षीचेच आकडे उतरवते."

"अगं बाई! आणि सरांना कळत नाही?"

"सर विचारतात, 'यंदाही पानं तशीच ना?' मी म्हणते, तशीच. की स्वारी खूश!"

"एकदा तरी खरं मोजायचंस."

"मोजली की! मध्ये एका वर्षी माझी मलाच लाज वाटली, म्हणून एकेक पान पट्टीला लावलं. चांगली बोटभर रुंदावली होती."

"मग?"

"मग काय! 'बाई, तुमची पट्टी चुकली,' म्हणाले. लाल पेनानं खोडून स्वतःच्या हातानं जुने आकडे लिहिले. तेव्हापासून मी पानांना हात लावत नाही."

"चोवीस नंबर!" आतून हाक आली.

"अहो, रुमालवाले आजोबा, तुमचाच नंबर ना?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," आवाज बारीक करून सर रुमालाखालूनच म्हणाले.