पहिलं नाव

मी? मी काय बोलू, गुरुजी? बोलले की सगळे — ऋतुराजनं सांगितलं, आईला इथं एकटी ठेवणार नाही, लीलावहिनींनी सांगितलं, घर विकणार नाही, तुमचे मंत्र म्हणून झाले — आणि तो बघा, तिथंच बसलाय छत्रीच्या काठावर, पिंडाकडं ढुंकूनही बघत नाही. भात आहे, दादाच्या आवडीची लवंगलता मिठाई आहे, दुसरा कुठला कावळा असता तर एव्हाना — नाही, मला नका खुणावू. बहीण म्हणून माझ्याकडून त्याचं काही राहिलं असेल, हेच ना? राहिलंय. काय राहिलंय तेही मला पक्कं ठाऊक आहे. पण मी ते बोलणार नाही.

वहिनी, तुम्ही सावलीत सरका. — शुगर आहे हो त्यांना, सकाळपासून पोटात काही नाही, कळतंय मला, कावळा शिवल्याशिवाय त्या घास घेणार नाहीत, आणि सगळे माझ्याकडं असे बघतायत जसं मीच त्या कावळ्याला धरून ठेवलंय. ए भैया, नाव जरा उधर लगाओ ना, यहाँ दसवाँ चल रहा है! — हं. ऐका तर मग. हसू मात्र नका.

दादा विद्यापीठात फिजिक्स शिकवायचा, हे तुम्हाला माहीतच आहे. तरुणपणी अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी घेऊन आला — लोक घड्याळं आणायचे, यानं ट्रंकभर गाणी आणली. तेव्हापासून रविवारची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडं तेच. खाली घाटावर घंटा चालल्यात आणि वर माडीवर पॉल रोबसन! रिटायर झाल्यावर त्याच्या डोक्यात आलं, आपण दोघांनी मिळून ठरवायचं — आजवरचे सगळ्यात थोर काळे गायक कोण. दहाच घ्यायचे. सोपं वाटतं? करून बघा. एला फिट्झजेराल्डला घेतलं तर रे चार्ल्सला कुठं बसवायचं? तो मारियन अँडरसनला वर ढकलायचा, मी अरीथा फ्रँकलिनला. नीना सिमोनवरून तर आमचा अबोला झाला, वहिनी मधे पडल्या म्हणून मिटलं. पण ठरत गेलं हो, भांडत भांडत का होईना, ठरत गेलं. अडलं ते पहिल्या नावावर. तो म्हणायचा महालिया जॅक्सन, मी म्हणायचे बेसी स्मिथ. बस. तो हलेना, मी हलेना. आणि हॉस्पिटलात, नाकात नळ्या असताना, माझा हात धरून काय म्हणाला? मुलाचं नाही, बायकोचं नाही — म्हणाला, "विद्ये, आता तरी महालियाला पहिली म्हण." मी म्हटलं, आधी बरा हो, मग बघू.

तर ते राहिलंय. म्हणून टाका एकदाचं, तुमचं काय जातंय — असंच वाटतंय ना तुम्हाला? ऋतुराजही मघाशी कानाशी येऊन तेच म्हणाला, "बुआ, बोल दो ना, एक नाम ही तो है." नुसतं नाव नाही रे ते!

तुम्हाला महालिया माहीत नसणार, सांगते. देवाचं गाणारी बाई. ब्लूज गा, ब्लूज गा म्हणून लोक मागं लागायचे तिच्या, पण नाही गायली. ब्लूज म्हणजे — आता कसं सांगू — आपल्या ठुमरीच्या जवळचं समजा, माणसाचं दुखणं, सोडून गेलेला पुरुष, वाट बघणं. बेसी ते गायची. आणि दादा दर रविवारी महालियाची रेकॉर्ड संपली की सुई उचलायचा आणि म्हणायचा, "बघ, एवढा गळा, पण विटाळू दिला नाही तिनं." कुणाकडं बघून म्हणायचा? गंगेकडं? माझ्याकडं बघून, गुरुजी.

कारण मी ठुमरी शिकत होते ना. चौकाच्या बाजूला एक बाई राहायच्या, पूर्वी मैफली करायच्या त्या, म्हाताऱ्या झालेल्या — त्यांच्याकडं जायचे. आकाशवाणीच्या परीक्षेत पास झाले, पेढे घेऊन घरी आले, तर दादा बाबांच्या समोर म्हणाला, देवाचं गायचं तर खुशाल गा, हे बाजारातलं नको. बाबा काही बोलले नसते हो, बाबांना ठुमरी कळत नव्हती आणि ख्यालही कळत नव्हता. दादा बोलला. अमेरिकेत राहून आलेला! तिकडच्या बायका गायल्या की याच्या डोळ्यांत पाणी, आणि घरातली बाई गायला लागली तर — त्या दिवसापासून मी गायले नाही. ठुमरी नाही, देवाचंही नाही. आरतीला नुसत्या टाळ्या वाजवते, विचारा वहिनींना. मग आता महालियाला पहिली म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? दादा, तू बरोबर होतास, असं? नाही म्हणणार. शास्त्रात सोय आहे ना? वळा दर्भाचा कावळा, लावा पिंडाला आणि वहिनींना मोकळं करा. त्याची इच्छा राहिली तर राहू दे. माझी नाही राहिली?

हं, वळा. बघू नका माझ्याकडं, रडत नाहीये मी, ऊन येतंय डोळ्यांवर. — आणि खरं सांगू का, त्याला इतकी साधी गोष्ट कधी कळली नाही, पोरांना एवढं शिकवणाऱ्याला! महालिया लहानपणी बेसीच्याच रेकॉर्डी ऐकत मोठी झाली. स्वतःच सांगायची ती. देवाला हाक मारताना सूर असा पोटातून ओढून आणते ना, ती ओढ कुठून आली? तिथूनच आली. कसला विटाळ? तिनं तेच घेतलं आणि नेऊन देवापुढं ठेवलं, म्हणून तर ती — म्हणून तर तिच्यापुढं कुणी नाही. बेसीसुद्धा नाही. मला काय कळत नाही? पहिल्यांदा ऐकली तेव्हाच कळलं, स्वयंपाकघरात होते मी, तव्यावर पोळी जळून धूर झाला तरी हलले नाही. पहिली तीच, गुरुजी. दुसरं कोण असणार? मी बेसी बेसी करत राहिले ते नुसतं त्याला —

काय झालं? ऋतुराज, का उठलास?

नाही. नाही नाही, गुरुजी, थांबा, ते मी तुम्हाला सांगत होते, त्याला नाही! हाकला त्याला, कुणीतरी हाकला — हाड! हाड! अरे, तुला नाही सांगितलं मी, तू कशाला ऐकलंस —

शिवला?

भूक लागली असेल. दुपार टळत आली, त्यालाही पोट आहे, बाकी काही नाही. तो दर्भ ठेवा खाली आता. वहिनी, उठा, दोन घास खाऊन घ्या. आणि गुरुजी, तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत उभे राहू नका. जा, हात धुऊन घ्या.