कीलीचं पहिलं मत

(गुरुवार दुपार. इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक गाव. चर्चच्या हॉलच्या दाराला ‘मतदान केंद्र’ अशी पाटी. बाहेर टॅमसिन मैत्रीण कीलीच्या कुत्र्याला, पिकलला, धरून उभी आहे. कीली आतून येते.)

कीली : हसू नकोस. आधीच सांगते, हसू नकोस.

टॅमसिन : मी कुठे हसतेय? झालं एवढ्यात?

कीली : कसलं झालं! हाकललं मला.

टॅमसिन : हाकललं म्हणजे?

कीली : गोड बोलून हाकललं. टेबलाशी कोण बसलंय माहितीये? मिसेस हॉलरॉइड! दुसरीत मला बुटाची नाडी बांधायला शिकवणाऱ्या बाई. मी म्हटलं, मिस, मी कीली, तुम्ही ओळखता मला. तर म्हणतात, ओळखते गं राणी, पण कॉलेजचं कार्ड नाही चालत. मागे ही रांग! सगळी गल्ली बघत होती. पिकल, उड्या मारू नकोस, माझं डोकं फिरलंय!

टॅमसिन : जाऊ दे ना. पोटनिवडणूकच तर आहे.

कीली : हे तू म्हणतेस? महिनाभर पोटनिवडणूक पोटनिवडणूक करून माझं डोकं खाल्लंस, पावसात घरोघर पत्रकं टाकत फिरलीस, आणि आता ‘जाऊ दे’?

टॅमसिन : मग काय करू? रडू?

कीली : आणि उद्या राज्यशास्त्राच्या तासाला काय तोंड दाखवू? पार्जिटर सरांनी जाहीर केलंय, ‘कीली आपल्याला पहिल्या मतदानाचा अनुभव सांगेल.’ सांगू काय, कप्पाळ?

टॅमसिन : सांग काहीही. तू तोंड उघडलंस की वर्ग हसतोच. सर तर आधीपासूनच हसायला लागतात.

कीली : हा टोमणा होता का?

टॅमसिन : नाही.

कीली : होता. असू दे. मला राग कशाचा आला सांगू? माझ्या पुढे ते कबुतरवाले आजोबा होते. त्यांनी काय दाखवलं? बसपास! फोटोत केस काळे, आता डोक्यावर एक केस नाही, तरी चालला. आणि मी रेल्वेचा पाससुद्धा काढून दाखवला, तर तोही नाही. म्हणजे म्हाताऱ्यांचा बसपास चालतो, पण तरुणांचा रेल्वेपास... थांब.

टॅमसिन : काय झालं?

कीली : हे वाक्य माझं नाही.

टॅमसिन : कुठलं वाक्य?

कीली : ‘म्हाताऱ्यांचा बसपास चालतो, तरुणांचा रेल्वेपास चालत नाही.’ हे तुझं आहे. मतदानाला फोटोचं ओळखपत्र सक्तीचं असावं का, त्या निबंधातलं. सरांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला होता. मी मागच्या बाकावर बटाट्याचे क्रिस्प खात होते, पण ऐकत होते.

टॅमसिन : तो निबंध नाताळच्या आधीचा आहे.

कीली : म्हणजे नाताळच्या आधीपासून तुला माहिती आहे.

टॅमसिन : कीली...

कीली : काल बसमध्ये मी विचारलं, कॉलेजचं कार्ड चालेल ना? तू काय म्हणालीस?

टॅमसिन : काही नाही म्हणाले.

कीली : ‘हं’ म्हणालीस. खिडकीबाहेर बघत.

टॅमसिन : ‘हं’ म्हणजे काही ‘हो’ नव्हे.

कीली : परीक्षेत लिही हे. मला नको शिकवू. का केलंस असं, टॅमी?

टॅमसिन : तू त्या दाढीवाल्याला मत देणार होतीस म्हणून.

कीली : काय?

टॅमसिन : परवा कँटीनमध्ये म्हणालीस. ‘दाढीवाल्याला देते, गोड दिसतो.’ त्याचा पक्ष कुठला तेही तुला ठाऊक नव्हतं! आणि मी? लहान होते तेव्हापासून बाबांच्या शेजारी बसून निकाल बघतेय. या भागातल्या प्रत्येक उमेदवाराचं म्हणणं मला पाठ आहे. दाराच्या फटीतून पत्रक टाकताना एकाच्या कुत्र्याने माझी बोटं पकडली. पण मत कोणाला? तुला. कारण तू गेल्या सप्टेंबरातच अठराची झालीस आणि मी होणार येत्या ऑगस्टच्या शेवटी. एकाच वर्गात बसतो आपण! आणि वर सर म्हणतात, अनुभव कीली सांगेल. माझ्याच नोट्स वाचून पास झालेली कीली! जळले मी. बस्स. अशी जळले की काल तू ‘बरं’ म्हणून कार्ड दप्तरात टाकलंस ना, तेव्हा मला आनंद झाला.

कीली : आनंद झाला?

टॅमसिन : बसमधून उतरेपर्यंत.

कीली : दाढीचं मी तुला चिडवायला म्हटलं होतं. तुझे कान लाल होतात, म्हणून.

टॅमसिन : मग कोणाला देणार होतीस?

कीली : ते गुप्त असतं ना? की तेही खोटं?

टॅमसिन : खरं आहे ते.

कीली : चल, दे पिकलला. घरी जाते.

टॅमसिन : थांब. शिकाऊ लायसन चालतं.

कीली : काय?

टॅमसिन : गाडीचं शिकाऊ लायसन. फोटो असतो त्यावर, तो चालतो. तुझं आहे ना?

कीली : आईकडे आहे. वाढदिवसाच्या पार्टीनंतर जप्त केलंय, मी पबमध्ये जाऊ नये म्हणून.

टॅमसिन : मग जा ना. दुकानात असेल ती आत्ता. केंद्र रात्रीपर्यंत उघडं असतं.

कीली : दुकानभर गिऱ्हाईक, त्यांच्यासमोर विचारणार ती, काय गं, आधी का नाही नेलंस? काय सांगू?

टॅमसिन : सांग, टॅमसिनने मुद्दाम सांगितलं नाही.

कीली : असं नाही सांगणार मी. ती तुला पुन्हा घरात घेणार नाही.

टॅमसिन : मी येऊ तुझ्याबरोबर?

कीली : नको. पिकलला धर. तुझ्याशी भांडण नाही त्याचं.

टॅमसिन : सॉरी, कीली.

कीली : हं. (दोन पावलं जाऊन वळते.) आत काय असतं गं, पेन न्यायचं का आपलं?

टॅमसिन : पेन्सिल असते. दोरीला बांधलेली.

कीली : आणि खूण बरोबरची करायची की फुलीची?

टॅमसिन : फुलीची. एकाच नावापुढे.

कीली : बरं. तरी मिसेस हॉलरॉइडना विचारून घेते.